इकडची भोकं, तिकडची भोकं

बाजाराच्या मागच्या गल्लीत किल्लीवाला आणि छत्रीवाला यांच्यामध्ये एक अरुंद दुकान आहे. त्यात एक रफूगार बसतात आणि मागच्याच खोल्यांत राहतात. गल्ली त्यांना मास्तर म्हणते. बायको चिडली की भोकशास्त्री म्हणते, आणि ती वरचेवर चिडते, कारण हा गृहस्थ जेवायला बसला तरी भोकांवरच बोलतो.

"आज एक पँट आली," घास हातात धरून मास्तर सुरू करणार. "डावी मांडी, गुडघ्याच्या चार बोटं वर. गाडी चालवताना सिगारेट ओढतो पठ्ठ्या. काच खाली करायचा कंटाळा, दुसरं काय!"

"आधी घास गिळा," बायको म्हणणार.

पण खरं सांगायचं तर मास्तरांचं कधी चुकायचं नाही. कसरीनं, म्हणजे कपडे खाणाऱ्या किडीनं, पाडलेल्या भोकाच्या कडा मऊ असतात. खिळ्यात अडकलेलं कापड कोन करून फाटतं. सिगारेटचं भोक गोल, कडेला काळं, बोट लावलं की चुरचुरणारं. आणि कापड टेरिलीनचं असलं तर कडेला वितळून कडक मणी धरलेला. एवढं कुठलाही रफूगार ओळखेल. मास्तर त्यापुढे जायचे. भोक छातीच्या खिशात असेल तर साहेब अचानक समोर आला आणि जळती सिगारेट खिशात गेली. उजव्या बाहीवर असेल तर माणूस हातवारे करत बोलणारा. कोटाच्या पाठीवर असेल तर तो बिचारा ओढतच नाही, रांगेत त्याच्या मागे उभा असलेला ओढतो. एकदा एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई लोकरी शाल घेऊन आल्या. "शेगडीची ठिणगी उडाली हो," म्हणाल्या. "हो ना, हल्लीच्या शेगड्या फार वाईट," असं म्हणून मास्तरांनी शाल ठेवून घेतली. रफूगारानं तोंड उघडलं तर त्याच्या दुकानात पाऊल कोण ठेवील?

या विद्येत त्यांच्या तोडीचा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दोघं सुई वडिलांकडून शिकले आणि सिगारेटही वडिलांचीच बघून शिकले. सुईला सहा वर्षं लागली, सिगारेटला एक दुपार. पंचविसाव्या वर्षी धाकटा परदेशी गेला आणि तिकडच्या एका मोठ्या लाँड्रीत रफूला बसला. पहिल्या पत्रात त्यानं ना तब्येतीचं लिहिलं ना हवेचं. लिहिलं काय, तर "दादा, आठवड्यात एकशे बारा भोकं. त्यातली एक्केचाळीस बायकांच्या कपड्यांना!" मास्तर ते पत्र दोन दिवस खिशात घालून हिंडत होते. इकडे आठवड्याला साठ व्हायची मारामार, आणि बायकांचं वर्षात एखादं, तेही शेगडीवर ढकललेलं.

मग तो पायंडाच पडला. आधी पत्रातून आणि पुढे फोन आल्यावर दर रविवारी सकाळी. बाकीची विचारपूस नंतर, आधी आकडा. "इकडे अठ्ठावन्न. तिकडे?" असं संभाषण ऐकून शेजारच्या किल्लीवाल्याला बरीच वर्षं वाटत होतं की दोघं भाऊ तापमान सांगतायत.

पहिली दहा वर्षं दोन्ही देश नुसते धुमसत होते. इकडे डॉक्टर ओठात सिगारेट धरून पेशंटची छाती तपासायचे. त्यांच्या पांढऱ्या कोटाला तिसऱ्या बटणापाशी भोक ठरलेलंच. तिकडे तर थेटरातल्या खुर्च्यांची कापडंसुद्धा धाकट्याकडे यायची. आणि मग एका रविवारी तो फोनवर ओरडला, "दादा, इकडची माणसं उभी राहिली!"

"का रे? काय झालं?" मास्तर घाबरले. त्यांना वाटलं, दंगलबिंगल झाली.

"अरे, मांड्यांवरची भोकं बंद! सगळी ओव्हरकोटांवर यायला लागलीत. ऑफिसात ओढायला बंदी केली, आता सगळे दाराबाहेर थंडीत कुडकुडत ओढतात."

मास्तरांना तिथल्या तिथे आपल्या देशाचा कमीपणा वाटला. इकडे लोक अजून पाय पसरून, खुर्चीत रेलून ओढत होते. त्यांना उभं राहायला आणखी नऊ वर्षं लागली. ज्या आठवड्यात कारकुनांच्या पँटी साफ आणि जाकिटांच्या बाह्या जळक्या यायला लागल्या, त्या आठवड्यात मास्तरांनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. "देश सुधारला," म्हणाले. छत्रीवाल्यानं चहा दोनदा घेतला, पण देश नक्की कुठे सुधारला ते त्याला आजही कळलेलं नाही.

पुढे आकडे उतरतच गेले. तिकडे एकशे बाराचे तीस झाले, तिसाचे नऊ. इकडे साठाचे पंचवीस. मास्तरांची मोठी पंचाईत. देश सुधारावा असं तर वाटायचं, पण दुकानात माशा मारत बसायची वेळ यायची. "नऊवर तुझं कसं भागतं रे?" ते विचारायचे.

"कसर आहे ना, दादा," धाकटा म्हणायचा. "कसर कुणाच्या बंदीला ऐकत नाही."

आता या सगळ्या आकड्यांत एक मोठी खोट होती. ती माहीत होती फक्त मास्तरांना.

अकरा वर्षांपूर्वी वडील खोकून खोकून गेले. शेवटचे दोन महिने त्यांना एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. ते गेल्यावर दोघा भावांनी फोनवर शपथ घेतली, की आजपासून सिगारेट बंद. बायको आणि लेक समोर उभ्या होत्या. मास्तर शपथेला जागले. नऊ दिवस जागले. दहाव्या दिवसापासून रोज एक, फक्त एक, दुपारी तीनला, बायको झोपली की, दुकानाच्या मागच्या पायरीवर. वरून पेपरमिंटची गोळी. कधी ठिणगी पडून स्वतःच्या कपड्याला भोक पडलंच, तर घरचाच रफूगार. रफूचा धागा नेहमी त्याच कपड्याच्या लपलेल्या भागातून काढतात, म्हणजे रंग तंतोतंत जुळतो. मास्तर पँटीच्या पायाशी आत दुमडलेल्या मुडपीतून चार धागे ओढायचे आणि भोक असं बुजवायचे, की कुणाच्या बापाला दिसू नये. ते ओळखू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो समुद्रापलीकडे होता.

स्वतःची भोकं त्यांनी रविवारच्या आकड्यात कधी धरली नाहीत. खोटं बोलल्याचं त्यांना एवढं वाटत नसे, पण आकडा चुकल्याचं फार वाटे.

हे असंच आणखी वीस वर्षं चाललं असतं. पण लेकीला मुलगी झाली. सगळे तिला बबडी म्हणत. लेक दवाखान्यात नर्स, तीही छातीच्या वॉर्डात, आणि तिच्या आजोबांचे शेवटचे दोन महिने तिनंच काढलेले. नोकरीवर परत जायची वेळ आली तेव्हा तिनं बापाला समोर बसवलं.

"बाबा, बबडीला दिवसभर तुमच्याकडे ठेवीन. पण या घरात एकदा जरी सिगारेट सापडली ना, तर दुसऱ्या दिवसापासून पाळणाघर. मी दोनदा सांगणार नाही."

"अगं, अकरा वर्षं झाली!" मास्तरांनी छातीवर हात ठेवला. हात नेमका खिशातल्या पाकिटावर पडला.

बबडी यायला लागली आणि मास्तर पार विरघळले. सकाळी नऊला बाबागाडी दारात आली की यांच्या हातातली सुई खाली. रफू करताना कापडाखाली एक लाकडी अंडं धरतात; वडिलांच्या हातचं ते अंडं, ज्याला मास्तर कुणाला बोट लावू देत नसत, ते बबडी दिवसभर चघळायची. आणि मास्तर तिला मांडीवर घेऊन शिकवायचे, "हे बघ हं बबडे, हा माणूस लोळत ओढतो. म्हणून भोक पोटावर."

"अहो, तिला काऊ-चिऊ दाखवा!" बायको आतून ओरडायची.

त्याच वर्षी धाकटा तीन आठवड्यांची सुट्टी काढून आला. तीस वर्षांनी आला. मिठ्या झाल्या, डोळे पुसून झाले, बॅगा आत गेल्या. धाकट्यानं आपला राखाडी कोट खुंटीला लावला आणि तो तोंड धुवायला गेला. मास्तरांनी सवयीनं कोटाच्या बाहीवरून बोट फिरवलं आणि बोट थबकलं.

डोळ्याला काही दिसत नव्हतं. पण बोटाला कळलं. त्यांच्या घरात शेवटचा टाका डावीकडे वळवून दाबतात. दुसरं कुणी तसं करत नाही. बाहीवर एक, कॉलरखाली एक, आणि तिसरं इतकं ताजं की धागा अजून बसलासुद्धा नव्हता.

धाकटा टॉवेलानं तोंड पुसत बाहेर आला. "दादा, स्वेटर छान आहे हं तुझा," म्हणाला, आणि त्यानं मास्तरांच्या पोटावर दोन ठिकाणी बोट टेकवलं.

"तुझा कोटही छान आहे," मास्तर म्हणाले.

मग दोघंही गुपचूप मागच्या पायरीवर जाऊन बसले, शाळा चुकवल्यासारखे.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"एकच."

"खरं सांग."

"दोन. पण तिकडच्या बारीक असतात, दादा."

त्या दिवसापासून दोघांचं तीन वाजता पायरीवर बसणं सुरू झालं. मास्तरांना इतकं हलकं वाटत होतं, की विचारू नका. अकरा वर्षांनी कुणाशी तरी खरं बोलता येत होतं.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी बायको चष्मा दुरुस्तीला टाकायला गेली होती. बबडी झोपलेली, तिची बाबागाडी मागच्या अंगणात, पायरीजवळ सावलीत. गाडीत तिच्या अंगावर निळं लोकरी पांघरूण. ते तिच्या आईचं, म्हणजे लेकीचं लहानपणचं; लेक जन्मली तेव्हा मास्तरांनी स्वतः रंग निवडून विणून घेतलेलं.

तीन वाजले. दोघं बसले. आणि आकड्यांवरून वाद पेटला.

"म्हणजे तुमचे नऊ नव्हेतच!" मास्तर म्हणाले. "तुझे धर की त्यात! एवढी वर्षं मला खाली बघायला लावलंस!"

"आणि तुझे? तू धरलेस तुझे?"

"माझं महिन्यात एखादं!"

"दादा, स्वेटरलाच दोन आहेत!"

"अरे, पण आमचा देश तुमच्यामागून उभा राहिला तरी—" आणि मास्तरांनी हात फिरवला. जन्मभर लोकांच्या उजव्या बाह्या वाचणारा माणूस, पण स्वतःच्या हाताकडे कधी बघितलं नव्हतं. सिगारेटच्या टोकाचा निखारा सुटला, उडाला आणि बाबागाडीत पडला. पांघरुणावर, बबडीच्या पायांच्या जरासा वर. एवढासा धूर निघाला.

मास्तर कसे उठले ते त्यांनाच कळलं नाही. उघड्या तळहातानं त्यांनी पांघरुणावर थापा मारल्या. एक, दोन, तीन. पांघरूण बाजूला फेकलं, मोजा ओढून काढला, पाय उलटासुलटा करून पाहिला. पायाला काही झालं नव्हतं. बबडीनं डोळे उघडले, आजोबा थापा मारताना बघितले आणि ती खदखदून हसली. मग तिनंही आपल्या इवल्याशा हातानं थाप मारली. तिला वाटलं, हा नवीन खेळ आहे.

मास्तर पायरीवर बसले ते बसलेच. धाकट्यानं दोन्ही सिगारेटी विझवल्या आणि पाकीट कचऱ्यात टाकलं.

पांघरुणाला भोक पडलं होतं. गोल, कडेला काळं, बोट लावलं की चुरचुरणारं.

बायको यायला दोन तास होते. मास्तरांनी भिंग लावलं, काळी कड कातरली, मुडपीतून निळे धागे काढले. तळहाताला फोड आला होता, सुई धरवत नव्हती, तरी धरली. आधी उभे धागे, मग आडवे, एक वर एक खाली. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली आणि पांघरूण धाकट्याकडे दिलं. धाकट्यानं डोळे मिटून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"दादा, मला सापडत नाही," तो म्हणाला. "बाबांनाही सापडलं नसतं. चल, विषय संपला."

विषय संपला असता, पण बबडी होती ना! बुधवारी सकाळी आजोबा समोर आले आणि हिनं पांघरुणावर बरोबर त्याच जागेवर थाप मारली आणि खदखदून हसली. पुन्हा थाप. मग आजोबांकडे बघायची, आता तुमची पाळी.

"अगंबाई, हा कुठला नवा खेळ?" लेकीनं कौतुकानं विचारलं.

"आजोबांनी शिकवला असेल," बायको म्हणाली. "आणि हाताला काय झालं हो तुमच्या?"

"इस्त्री लागली."

गुरुवारी तेच. शुक्रवारी सकाळी तेच. जिथे जगातल्या सगळ्यात चांगल्या रफूगाराचं बोट फसलं, तिथे दहा महिन्यांची पोर न चुकता हात ठेवत होती. आणि दर वेळी हसत होती. मास्तरांना ते हसू सोसवेना. त्या निखाऱ्यानं पाय भाजला असता, तरी दुसऱ्या दिवशी ही आपल्याकडे बघून हसलीच असती, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

तीन वाजता त्यांनी छोटी कात्री घेतली.

"दादा, वेडा झालास?" धाकट्यानं हात धरला. "असं काम पुन्हा होणार नाही तुझ्याच्यानं!"

"नको होऊ दे," मास्तर म्हणाले, आणि एकेक टाका कापून त्यांनी भोक पुन्हा उघडं केलं.

संध्याकाळी लेक आली. मास्तरांनी पांघरूण तिच्या पुढ्यात पसरलं आणि मंगळवार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. पेपरमिंट, पायरी, अकरा वर्षं, सगळं. लेकीनं भोकात बोट घातलं. बोट पलीकडून बाहेर आलं. मग तिनं पांघरुणाची घडी घातली, बबडीला खांद्यावर घेतलं आणि दारात वळून एवढंच म्हणाली, "सोमवारपासून पाळणाघर." बबडी आईच्या खांद्यावरून आजोबांकडे बघून थापा मारत गेली.

मास्तर हमसून हमसून रडले. बायकोनं रडू दिलं. मग पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"रोज एक. अहो, तुमचे कपडे धुते मी. रफू मला दिसत नाही, कबूल. पण माणसाच्या सगळ्या पँटींच्या मुडपी पोकळ कशा होतात? तुमच्या एका तरी पँटीला वाढवायला चार बोटं कापड उरलंय का?" मग ती धाकट्याकडे वळली. "हसू नका, भावजी. तुमच्या कोटाची मुडपही बघितलीय मी."

धाकटा परत गेला. रविवारचे फोन चालू राहिले, फक्त आता विचारायची पद्धत बदलली. "किती?" "बावीस." "तुझं धरून?" "माझं धरून."

सिगारेट सोडायची दोघांनीही ठरवली, पण सोडणं काही सोपं गेलं नाही. मास्तर आगपेटीच्या काड्या चघळायचे, छत्रीवाल्यावर खेकसायचे, एकदा तर एका वकिलाच्या कोटाची उलटी बाजू सुलटी समजून रफू करून ठेवली. पाचव्या आठवड्यात फोनवर ते म्हणाले, "बावीस. माझं धरून तेवीस."

मग धाकटा म्हणाला, "माझं धरून दहा." दोघांनी एकमेकांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बायको दाराआडून हे आकडे ऐकायची आणि जसेच्या तसे लेकीला कळवायची. तेविसाचा आठवडासुद्धा तिनं गाळला नाही.

त्यानंतर ओळीनं दहा रविवार कोरे गेले, दोघांच्याही नावावर एकही भोक नाही. अकराव्या शनिवारी दुकानाच्या दारात बाबागाडी थांबली. लेकीनं टेबलावर निळं पांघरूण ठेवलं. भोक तसंच होतं.

"रफू करायचंय," ती म्हणाली.

मास्तरांनी भिंग लावलं आणि सवयीनं मुडपीकडे हात नेला.

"मुडपीतला धागा नको. लाल घ्या."

"लाल? निळ्यावर?" चाळीस वर्षांत असं बेअब्रूचं काम मास्तरांनी केलं नव्हतं. "अगं, दिसेल ना ते! गल्लीच्या टोकावरून दिसेल!"

"दिसू दे. तुम्हाला रोज दिसलं पाहिजे. मलाही."

मास्तरांनी लाल धागा ओवला. लाकडी अंडं शोधलं, तर ते बबडीच्या तोंडात आधीच गेलं होतं. मग डाव्या हाताची मूठ कापडाखाली धरून त्यांनी रफू केलं. आधी उभे धागे, मग आडवे, आणि शेवटचा टाका डावीकडे. पांघरूण बबडीच्या पायांवर घातलं. तिनं लाल ठिपका पाहिला, आजोबांकडे पाहिलं आणि हात उचलून थाप मारली.

मास्तरांनीही मारली, अगदी हळू.

"सोमवारी नऊला आणते," लेक म्हणाली.

सोमवारी मास्तर आठ वाजल्यापासून दुकानाच्या दारात उभे होते.